कर्णबधिर बाळाचा मेंदू: इम्प्लांटची घाई कशासाठी आणि खुणांची भीती का नको

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी २१ महिन्यांची, दोन्ही कानांना जन्मतः अतितीव्र श्रवणदोष. श्रवणयंत्रं तीन महिने लावून पाहिली, फारसा फरक नाही, म्हणून कॉक्लिअर इम्प्लांटचा, म्हणजे शस्त्रक्रियेने आतल्या कानात इलेक्ट्रोड बसवून श्रवणाच्या नसेला विजेने उत्तेजन देणाऱ्या यंत्राचा, सल्ला मिळाला आहे. एकजण म्हणतात साडेतीन वर्षांच्या आत झालंच पाहिजे, दुसरे म्हणतात पाचपर्यंत चालतं. शिवाय ताकीद मिळाली आहे की घरात हातांच्या खुणा वापरू नका, नाहीतर मेंदूतली ऐकण्याची जागा डोळे बळकावतील. मेंदूचा अभ्यास करणाऱ्यांना प्रत्यक्षात काय सापडलं आहे, ते हे मोजतात कसं, आणि त्यातलं या मुलीला किती लागू पडतं?

आधी उत्तर सांगतो, मग तपशील. साडेतीनचा आकडा संशोधनातून आलेला आहे, पण ती बाहेरची कड आहे, गाठायचं लक्ष्य नव्हे. पाच हा आकडा सरकारी योजनेचा आहे, मेंदूचा नाही. आणि डोळे जागा बळकावतील म्हणून खुणा बंद करायला ठोस आधार नाही. या वयात मेंदूपुढे दोन मुदती असतात: एक आवाजाची, एक भाषेची. इम्प्लांटची घाई पहिलीसाठी करायची. दुसरी मुदत इम्प्लांटची वाट पाहत थांबत नाही, आणि आपल्याकडे सगळ्यात जास्त नुकसान तिथे होतं.

गर्भात साधारण २५ ते २७ आठवड्यांपासून बाळ आवाजाला प्रतिसाद देऊ लागतं. म्हणजे ऐकू येणारं बाळ जन्मतं तेव्हाच त्याच्या गाठीशी जवळजवळ तीन महिन्यांचं ऐकणं असतं. मेंदूच्या खोडातले श्रवणमार्ग त्या मानाने लवकर पक्के होतात. बेरा चाचणीतल्या (आवाजाला मेंदूच्या खोडाने दिलेला विद्युत प्रतिसाद मोजणाऱ्या) लहरी दोन वर्षांच्या सुमारास मोठ्या माणसासारख्या दिसू लागतात. वरच्या थराचं, म्हणजे कॉर्टेक्सचं, वेळापत्रक बरंच लांबतं. शिकागोच्या पीटर हटनलॉकर यांनी मरणोत्तर मेंदूंमध्ये पेशींच्या जोडण्या मोजल्या, तेव्हा श्रवण कॉर्टेक्समध्ये त्यांची दाटी जन्मानंतर तिसऱ्या महिन्याच्या आसपासच शिगेला पोचलेली दिसली. त्यानंतरची कित्येक वर्षं छाटणीची असतात. लॉस एंजेलिसच्या हाउस इअर इन्स्टिट्यूटमध्ये जीन मूर यांनी तंतूंची वाढ पाहिली: कॉर्टेक्सचे खालचे थर साधारण सहा महिने ते पाच वर्षांत परिपक्व होतात, वरचे थर पाच ते बारा वर्षांत. कुठल्या जोडण्या ठेवायच्या आणि कुठल्या छाटायच्या हे ठरवायला मेंदूला अनुभव लागतो. आवाज आला नाही तरी छाटणी थांबत नाही, फक्त ती आवाजाच्या मार्गदर्शनाशिवाय होते.

साडेतीनचा आकडा कुठून आला

आवाज कानात गेल्यावर श्रवण कॉर्टेक्समधून उठणारी पहिली मोठी धन लहर म्हणजे पी-वन. डोक्याच्या त्वचेवर इलेक्ट्रोड लावून ती मोजता येते. आवाज सुरू झाल्यापासून लहर शिखरावर पोचेपर्यंत किती मिलिसेकंद गेले, ही यातली कामाची संख्या. ऐकू येणाऱ्या नवजात बाळात ती सुमारे ३०० असते, तिसऱ्या वर्षापर्यंत झपाट्याने सुमारे १२५ वर येते आणि प्रौढांत ६० च्या आसपास स्थिरावते. वय वाढतं तशी ती इतकी नियमाने उतरते की श्रवणमार्ग किती परिपक्व झाला हे सांगण्यासाठी तिचा वापर करता येतो.

अनु शर्मा, मायकेल डॉर्मन आणि अँथनी स्पाहर यांनी २००२ मध्ये अमेरिकेतल्या १०४ जन्मतः कर्णबधिर मुलांची पी-वन मोजली. या सर्वांना वेगवेगळ्या वयांत इम्प्लांट झालेलं होतं. साडेतीन वर्षांच्या आत ज्यांना आवाज मिळाला, त्यांची पी-वन वयाला साजेशी निघाली. सात वर्षांनंतर मिळाला, त्यांच्यातल्या बहुतेकांची उशिराच राहिली, यंत्र वर्षानुवर्षं वापरूनसुद्धा. मधल्या वयाची मुलं काही इकडे, काही तिकडे. याच गटाच्या दुसऱ्या कामात दिसलं की लवकर इम्प्लांट झालेल्या मुलांची लहर यंत्र सुरू होताना जवळजवळ नवजात बाळासारखी असते आणि सहा ते आठ महिन्यांत वयाच्या पट्ट्यात येते. श्रवणमार्ग थांबलेला होता, मेलेला नव्हता, हा त्याचा अर्थ.

आता या आकड्याची मर्यादा. पी-वन सांगते की आवाज कॉर्टेक्सपर्यंत वेळेवर पोचतो. शब्द समजतात का, वाक्य बनतं का, हे ती सांगत नाही. भाषेचं मोजमाप घेतलं की कड आणखी अलीकडे सरकते. जॉन निपार्को यांच्या गटाने अमेरिकेतल्या सहा केंद्रांमधल्या १८८ मुलांना इम्प्लांटनंतर तीन वर्षं पाहिलं आणि २०१० मध्ये निष्कर्ष छापले: १८ महिन्यांच्या आत इम्प्लांट झालेल्यांची भाषा ऐकू येणाऱ्या मुलांच्या सर्वांत जवळ गेली, आणि वय वाढत गेलं तसा वेग कमी होत गेला. त्यात मधेच कुठे कडा तुटलेला नाही, उतार आहे. आई-वडील मुलाशी किती आणि कसं बोलतात, याचाही वेगळा परिणाम दिसला.

तेव्हा २१ महिन्यांच्या मुलीसाठी 'अजून पावणेदोन वर्षं हातात आहेत' असा हिशोब करू नका. दिव्यांगांना साधनं पुरवणाऱ्या केंद्र सरकारच्या एडिप योजनेत बोलायला लागण्यापूर्वीच बहिरेपण आलेल्या मुलांसाठी पाच वर्षांची मर्यादा आहे; ती खर्चाच्या नियोजनासाठी आखलेली रेघ आहे. या योजनेतल्या इम्प्लांटचं काम मुंबईत वांद्र्याच्या अली यावर जंग या श्रवण-वाचा संस्थेकडून चालतं. कागदपत्रं, एमआरआय, सीटी स्कॅन, लसी यांत आठवडे जातात, म्हणून अर्ज आणि तपासण्या एकाच वेळी सुरू कराव्यात. 'श्रवणयंत्राचा पूर्ण काळ होऊ दे, मग फाइल करू' हा क्रम मुलाच्या विरोधात जातो. मेंदुज्वरानंतर ऐकू येणं गेलं असेल तर घाई आणखी मोठी, कारण आतल्या कानात हाड भरू लागतं आणि काही आठवड्यांतच इलेक्ट्रोड आत घालणं अवघड होऊन बसतं.

मोजतात कसं, आणि मोजताना काय बिघडतं

अहवाल हातात आल्यावर त्यावर किती विश्वास ठेवायचा हे कळावं म्हणून पद्धत जरा खोलात सांगतो.

बेरासाठी मूल गाढ झोपलेलं लागतं. पी-वनसाठी ते जागं लागतं, कारण झोपेत कॉर्टेक्सच्या लहरींचा आकार बदलतो. मूल आईच्या मांडीवर बसतं, समोर आवाज बंद केलेलं कार्टून. टाळूच्या मधोमध मुख्य इलेक्ट्रोड, इम्प्लांट नसलेल्या बाजूला कानामागच्या हाडावर तुलनेचा, कपाळावर अर्थिंगचा, आणि डोळ्याच्या बाहेरच्या कडेला एक, पापण्यांची उघडझाप पकडण्यासाठी. त्वचा नीट घासून प्रत्येक जोडाचा अडथळा ५ किलोओहमच्या खाली आणायचा. यंत्राच्या बाजूला ४५ अंशांवर ठेवलेल्या स्पीकरमधून 'बा' हा छोटा अक्षरध्वनी ७० ते ७५ डेसिबलला वाजवायचा, दोन ध्वनींमध्ये सुमारे ६०० मिलिसेकंदांची शांतता. असे निदान ३०० प्रतिसाद घेऊन सरासरी काढायची. १०० मायक्रोव्होल्टच्या पलीकडे उसळलेले तुकडे फेकून द्यायचे, ते हालचालीचे किंवा पापणीचे असतात. मग सगळं पुन्हा एकदा. दोन्ही वेळा शिखर त्याच जागी आलं तरच ते खरं धरायचं. एकाच फेरीचा आलेख अहवालात असेल तर दुसरी फेरी मागा.

चुका ठरलेल्या जागी होतात. इम्प्लांट स्वतः विद्युत स्पंदनं सोडतं आणि ती त्याच इलेक्ट्रोडवर उमटतात. आवाज सुरू होताच उठणारा, आवाज संपेपर्यंत टिकणारा चौकोनी उंचवटा हा यंत्राचा ठसा असतो, मेंदूचा नाही. नवख्या माणसाला तोच सुंदर पी-वन वाटतो. श्रवणयंत्राचा मोल्ड (कानात बसणारा साचा) ढिला झालेला असतो, कानात मळ किंवा मधल्या कानात पाणी असतं, बॅटरी उतरलेली असते. मग लहर उशिरा येते आणि दोष मेंदूच्या नावावर जमा होतो. अर्ध्यातच मूल पेंगतं. आणि सर्वांत जास्त गोंधळ तुलनेत होतो: अकाली जन्मलेल्या बाळाचं वय दुरुस्त करून धरलं नाही, किंवा इम्प्लांट होऊन तीन महिने झालेल्या मुलाला सरळ जन्मवयाच्या पट्ट्याशी ताडलं, तर आई-वडिलांना विनाकारण धसका बसतो. आवाज मिळाल्यापासूनचे महिने, म्हणजे श्रवणवय, शेजारी लिहिलेलंच हवं.

खोल बहिरेपणात अजिबात उत्तेजन न मिळालेल्या कॉर्टेक्समधून कधी कधी धन लहरीऐवजी आधी खाली जाणारा मोठा बाक येतो. श्रवणयंत्र लावून काही महिन्यांनीही तो तसाच राहिला, तर यंत्रातून पुरेसा आवाज वर पोचत नाही याची ती भक्कम खूण. तीन महिन्यांच्या चाचणीकाळात सुरुवातीला आणि शेवटी अशा दोन नोंदी मिळाल्या, तर इम्प्लांटचा निर्णय अंदाजावर राहत नाही.

एक गट वेगळा ओळखावा लागतो. ओएई चाचणी (आतल्या कानातल्या केसपेशींचा प्रतिध्वनी मोजणारी) उत्तम, बेरा सपाट, असं निघालं तर तो ऑडिटरी न्यूरोपॅथीचा प्रकार असू शकतो. जन्मानंतर कडक कावीळ झालेल्या, अतिदक्षता कक्षात राहिलेल्या बाळांत तो जास्त दिसतो. नसेतले संदेश पोचतात, पण एकाच ठेक्यात पोचत नाहीत. बेराला काटेकोर ठेका लागतो, पी-वनला त्या मानाने कमी, म्हणून अशा मुलांत पी-वन जास्त माहिती देते. म्हणूनच पाच दिवसांहून अधिक अतिदक्षता कक्षात राहिलेल्या बाळाला फक्त ओएईवर 'पास' म्हणू नये, स्वयंचलित बेरा करावा. आणि क्लिकच्या आवाजावरचा बेरा मुख्यतः २००० ते ४००० हर्ट्झचं सांगतो. '९० डेसिबललाही प्रतिसाद नाही' याचा अर्थ खालच्या पट्टीत काहीच ऐकू येत नाही असा होत नाही. ५०० हर्ट्झचा टोन-बर्स्ट (एकाच पट्टीच्या छोट्या ध्वनीवरचा) बेरा वेगळा करून घ्यावा.

एमआरआय हे शस्त्रक्रियेआधीचं हत्यार. श्रवणाची नस आहे का, आतला कान नीट घडला आहे का, हे त्यातच दिसतं. त्याच चित्रांतून संशोधकांनी मेंदूची रचनाही मोजली. कॅरन एमोरी यांच्या गटाला २००३ मध्ये जन्मतः कर्णबधिर प्रौढांत प्राथमिक श्रवण कॉर्टेक्समधलं करडं द्रव्य ऐकू येणाऱ्यांइतकंच आढळलं. कमी भरलं ते पांढरं द्रव्य, म्हणजे तारा. पेशी जागेवर असतात, जोडण्या कमी पडतात. इम्प्लांट झाल्यावर त्यातल्या चुंबकामुळे एमआरआय अवघड होतं आणि त्या बाजूचं चित्र काळवंडतं, म्हणून पुढचा पाठपुरावा ईईजी (डोक्यावरच्या इलेक्ट्रोडने मेंदूच्या लहरी मोजणं, पी-वन त्यातलीच) आणि एफनिर्सवर चालतो. एफनिर्समध्ये टोपीतून अवरक्त जवळचा प्रकाश सोडून रक्तातल्या प्राणवायूचा बदल मोजतात. त्याला चुंबकाचा किंवा विजेचा त्रास नाही, आवाजही होत नाही. पण प्रकाश दीड-दोन सेंटिमीटरच आत जातो, प्राथमिक श्रवण कॉर्टेक्स त्याहून खोल घडीत दडलेलं असतं, आणि दाट काळे केस प्रकाश खातात. आपल्या मुलांच्या डोक्यावर टोपी लावताना प्रत्येक टोकाखालचे केस काडीने बाजूला करण्यात बराच वेळ जातो. तो दिला नाही, तर नोंद टाकाऊ.

डोळे जागा बळकावतात का

ही भीती कुठून आली ते आधी पाहू. २००१ मध्ये सोलच्या संशोधकांनी 'नेचर'मध्ये दाखवलं की इम्प्लांटआधी पीईटी स्कॅनमध्ये ज्यांच्या श्रवण कॉर्टेक्सचा साखरेचा वापर कमी होता, ते इम्प्लांटनंतर बोलणं जास्त चांगलं समजू लागले. अर्थ लावला गेला: ज्यांची जागा रिकामी राहिली ते जिंकले, ज्यांच्या जागेत दुसरं काही शिरलं ते हरले. पण बहिरेपणाचा काळ जितका लांब, तितका मंद पडलेला भाग लहान, हेही त्याच अभ्यासात होतं. काळ आणि वापर एकमेकांत गुंतलेले आहेत. शिवाय जागा कशासाठी वापरली जाते, हे साखरेच्या वापरावरून कळत नाही.

मांजरांवरचं काम इथे निर्णायक ठरतं. काही पांढरी मांजरं जन्मतः बहिरी असतात. स्टीफन लोम्बर यांच्या गटाने २०१० मध्ये अशा मांजरांच्या श्रवण कॉर्टेक्सचे वेगवेगळे भाग तात्पुरते थंड करून बंद पाडले. एक भाग बंद केल्यावर कडेचं दिसण्यातली त्यांची जादा तीक्ष्णता गेली, दुसरा बंद केल्यावर हालचाल टिपण्यातली. म्हणजे बदल खरा आहे, पण तो वरच्या पातळीच्या ठरावीक भागांत आहे. प्राथमिक भाग डोळ्यांकडे गेलेला नाही. मग हॅनोव्हरमध्ये आंद्रेई क्राल यांच्या गटाने त्यांतल्या एका भागाची इम्प्लांटच्या उत्तेजनाने तपासणी केली. निष्कर्ष २०१६ चा: डोळ्यांचं काम शिरलेला भागसुद्धा इम्प्लांटला उत्तर देत होता. दृष्टीने ऐकण्याची वाट अडवलेली नव्हती.

मग उशीर झाला की बिघडतं काय? क्राल यांचं मूळ काम याचं उत्तर देतं, आणि या विषयात मला सर्वांत मोलाचं तेच वाटतं. बहिऱ्या मांजराला उशिरा आवाज दिला तर प्राथमिक कॉर्टेक्सच्या वरच्या थरांत संदेश येतो, पण खालच्या थरांमधली हालचाल क्षीण राहते. वरच्या केंद्रांकडून खाली येणारं 'हा आवाज ओळखीचा आहे, याकडे लक्ष दे' असं मार्गदर्शन त्याच थरांमधून जातं. माणूस दारापर्यंत आला आहे, पण घरातल्या कोणाला ते कळत नाही, अशी अवस्था. नुकसान कब्ज्याचं नाही, तुटलेल्या संपर्काचं आहे. मांजरात ही संधी आयुष्याच्या पहिल्या पाच-सहा महिन्यांत आटोपते. खुणा बंद करून हा संपर्क जुळत नाही. तो लवकर आणि भरपूर आवाज मिळून जुळतो.

नॉटिंगहॅममध्ये २०१७ साली इम्प्लांट झालेल्या प्रौढांवर एफनिर्सने उलटच दिसलं: ओठ वाचताना ज्यांच्या श्रवण भागात प्रतिसाद वाढला, त्यांचं ऐकून समजणंही चांगलं होतं. प्रौढांचा निकाल मुलांना जसाच्या तसा लावू नये. पण डोळे आणि कान एकमेकांचे शत्रू आहेत हे गृहीतक त्यानंतर सरळ धरता येत नाही.

भाषेची मुदत

जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी १९८४ मध्ये व्हँकुव्हरमधल्या इंग्रजी घरांतल्या बाळांना हिंदीतले 'त' आणि 'ट' ऐकवले. सहा ते आठ महिन्यांची बाळं फरक ओळखत होती. वर्ष भरेपर्यंत ही ओळख गेली, कारण घरात त्याचा उपयोग नव्हता. पहिला शब्द येण्याआधीच मेंदू आपल्या भाषेला जुळवून घेत असतो. मराठी घरातलं ऐकू येणारं बाळ याच महिन्यांत त-ट, न-ण, ल-ळ पक्के करतं. २१ महिन्यांच्या या मुलीला ते काम अजून सुरू करायचं आहे.

भाषेची मुदत आवाजापुरती नाही. लॉरा-अ‍ॅन पेटिटो आणि पॉला मॅरेंटेट यांनी १९९१ मध्ये दाखवलं की खुणांची भाषा बोलणाऱ्या कर्णबधिर आई-वडिलांची बाळं हातांनी बडबडतात, ऐकू येणारी बाळं तोंडाने बडबडतात त्याच वयात. भाषा शोधणारी यंत्रणा कानाला बांधलेली नाही. रेचल मेबेरी आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये कर्णबधिर प्रौढांचे मेंदू तपासले. त्यांना पहिली भाषा, इथे अमेरिकन खुणांची, जन्मापासून ते चौदाव्या वर्षापर्यंत वेगवेगळ्या वयांत मिळाली होती. जितकी लवकर, तितकी डाव्या मेंदूच्या पुढच्या भाषाकेंद्रांत हालचाल जास्त. जितकी उशिरा, तितकं काम मागच्या दृष्टिकेंद्रावर. उशिरा शिकलेल्यांना खुणा दिसत होत्या, पण व्याकरण म्हणून त्या सहज उलगडत नव्हत्या. हे इम्प्लांटने भरून निघणारं नुकसान नाही. ते कुठलीच पूर्ण भाषा न मिळाल्याचं आहे.

विरुद्ध बाजूही सांगायला हवी. अ‍ॅन गिअर्स यांच्या २०१७ च्या अभ्यासात, इम्प्लांटआधी आणि नंतर खुणा न वापरलेल्या कुटुंबांतली मुलं बोलणं आणि वाचन यांत पुढे निघाली. त्यावर आक्षेप असा की ज्यांची प्रगती मंद असते तीच कुटुंबं खुणा चालू ठेवतात, आणि ऐकू येणाऱ्या पालकांच्या खुणा बहुधा तुटपुंज्या असतात. दुसरीकडे कॅथरिन डेव्हिडसन, डायन लिलो-मार्टिन आणि डेबोरा चेन पिचलर यांनी २०१४ मध्ये जन्मापासून खुणांची पूर्ण भाषा मिळालेली, इम्प्लांट झालेली मुलं पाहिली. त्यांचं इंग्रजी, खुणांची भाषा घरात शिकलेल्या ऐकू येणाऱ्या मुलांच्या बरोबरीचं होतं. मुलं मोजकीच होती, त्यामुळे त्यावर इमारत उभारू नये. पण खुणांमुळे बोलणं मारलं जातं, या दाव्याला ते सरळ छेद देतं.

माझं मत असं: इम्प्लांट होईपर्यंतचे महिने मुलीला भाषेविना ठेवू नका. भारतीय सांकेतिक भाषेचा दिल्लीच्या केंद्रीय संस्थेने तयार केलेला दहा हजारांवर शब्दांचा कोश व्हिडिओंसह उपलब्ध आहे. रोजच्या कामांतल्या खुणा आधी शिका: दूध, आंघोळ, आणखी, नको, दुखतंय, बाबा आले. मग दोन-दोन जोडा. घरगुती इशारे म्हणजे भाषा नव्हे. आठवड्यातून एकदा कर्णबधिर प्रौढ व्यक्तीशी गाठ पडली तर फार फरक पडतो. खुण करताना बोला, चेहरा उजेडात ठेवा. आणि इम्प्लांटनंतर दिवसाचा मोठा भाग आवाजाचाच ठेवा, कारण संपर्क जुळायला आवाजच लागतो. मुलगी आवाजातून शिकू लागली की खुणांचं प्रमाण आपोआप बदलतं. एखाद्या थेरपिस्टने खुणांवरून मुलीला घ्यायला नकार दिला, तर त्या नकारामागचा अभ्यास कुठला, हे शांतपणे विचारा.

इम्प्लांटनंतर

यंत्र शस्त्रक्रियेनंतर साधारण दोन ते चार आठवड्यांनी सुरू करतात. आतल्या कानात सुमारे साडेतीन हजार आतल्या केसपेशी असतात; कंपनीनुसार इम्प्लांटमध्ये त्यांच्या जागी १२ ते २२ इलेक्ट्रोड येतात. इतक्या विरळ चित्रातून मेंदूने भाषा वेचायची असते, म्हणून मॅपिंग, म्हणजे प्रत्येक इलेक्ट्रोडला किती प्रवाह द्यायचा याची जुळणी, अचूक हवं. पहिल्या वर्षात ते वरचेवर करावं लागतं, कारण लागणारा प्रवाह बदलत जातो.

रोज सकाळी यंत्र चढवल्यावर डॅनियल लिंग यांच्या नावाने ओळखली जाणारी सहा ध्वनींची तपासणी करा: म, ऊ, आ, ई, श, स. मुलीच्या मागे किंवा बाजूला उभं राहून, नेहमीच्या आवाजात, आधी एक मीटरवरून, मग तीनवरून. तोंडावर हात धरू नका, त्याने 'स' आणि 'श' दबतात. 'म' आणि 'ऊ' गेले तर खालच्या पट्टीत गडबड. 'स' गेला तर वरच्या. मराठीत 'स' हरवणं महागात पडतं, कारण 'तू आलास', 'कुठे जातेस', 'आहेस ना' यांतलं व्याकरण त्याच बारीक ध्वनीवर उभं आहे. कालपर्यंत मिळणारा ध्वनी आज मिळत नसेल तर आधी बॅटरी, केबल, कॉइल, मायक्रोफोनचं कव्हर तपासा. मग त्याच दिवशी ऑडिओलॉजिस्टला फोन करा, पुढच्या तारखेची वाट पाहू नका.

यंत्र दिवसाला किती तास चालतं, हे त्यात नोंदलं जातं. प्रत्येक भेटीत ती नोंद दाखवायला सांगा. सौम्य ते तीव्र श्रवणदोषाच्या अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात, श्रवणयंत्र दिवसाला दहा तासांहून जास्त वापरणाऱ्या मुलांची भाषा जास्त चांगली वाढली. 'दिवसभर लावतो' म्हणणाऱ्या घरांत नोंद चार-पाच तासांची निघणं नेहमीचं आहे. प्रवास, दुपारची झोप आणि आजी-आजोबांकडे काढून ठेवलेले तास यांत ते जातात. जो जो मुलीला सांभाळतो त्या प्रत्येकाला यंत्र चढवता आलं पाहिजे.

दुसऱ्या कानाचं विसरलं जातं. टोरांटोच्या सिककिड्स रुग्णालयात कॅरन गॉर्डन यांच्या गटाने दाखवलं की एकाच कानाने दीड वर्षाहून जास्त काळ ऐकलं, तर मेंदू त्या कानाकडे कलतो आणि दुसऱ्या कानाला नंतर इम्प्लांट देऊनही तो कल पुरता जात नाही. योजनेतून एक इम्प्लांट मिळतं. दुसऱ्या कानात थोडंही ऐकणं शिल्लक असेल तर त्यावर श्रवणयंत्र चालू ठेवा. दुसऱ्या इम्प्लांटची सोय होणार असेल तर दीड वर्षाच्या आत.

कोणी या मुलीला अभ्यासात सहभागी करून घ्यायचं म्हटलं, तर तीन गोष्टी लेखी मागा. नैतिक समितीची मंजुरी आणि मराठीतलं संमतिपत्र. चाचणीसाठी झोपेचं औषध लागणार का, लागलं तर देखरेखीला कोण असणार. आणि मुलीच्या वैयक्तिक नोंदीची प्रत तुम्हाला मिळणार का. पी-वनचा आलेख संशोधकांच्या फाइलमध्ये पडून राहिला तर तिच्या मॅपिंगला त्याचा उपयोग नाही, म्हणून ती प्रत तुमच्या ऑडिओलॉजिस्टकडे पोचवायचं त्याच दिवशी ठरवून घ्या.